बुळबुळीत पावटे आणि शुद्ध मराठी

मोठी माणसं लहानग्यांना भाषा शिकवायला बसली, की पोरांचे शब्द वाढोत न वाढोत, आमचे किस्से मात्र वाढतात!

इंजिनीअरिंग अर्ध्यात सोडल्यावर मला म्हैसूरच्या विजयनगरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या रविवारच्या बालवर्गाला जुंपलं. "रिकामीच आहे ना ती!" हे माझं क्वालिफिकेशन.

मंडळाचे सेक्रेटरी दत्तूकाका. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. पहिल्याच दिवशी पोरांवर गरजले, "इथं फक्त शुद्ध मराठी! कन्नड शब्द आला, की वाक्य परत पहिल्यापासून. गोत्तायता?"

पोरांना लगेच कळलं. शेवटचं 'कळलं का?' कन्नडमधेच होतं ना!

*

पुण्याहून नव्यानं आलेली एक आई फ्लॅशकार्डांचा गठ्ठा घेऊन हजर. "आमच्या अर्णवला खूप शब्द येतात हं!" आणि खरंच, जिराफ, गेंडा, पाणघोडा, सगळं धडाधड.

मग अर्णव एकदम मांड्या आवळून उभा. "काय झालं रे?"

रडवेला होऊन म्हणाला, "गेंडा..."

शूचं कार्डच नव्हतं! फरशी मी पुसली.

*

काकांची नात तनू, चार वर्षांची. आई कन्नड, बाप मराठी. ती धावत यायची, "अज्जा, नायी आलं!"

"आजोबा म्हण! कुत्रा म्हण! पहिल्यापासून!"

तोवर कुत्रा पार पलीकडच्या हिनकल गावाला पोचलेला असायचा.

शेवटी तनूनं त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. काका दर रविवारी चॉकलेट द्यायचे. ती घ्यायची, खायची, गप्प. काकांचं तोंड एवढंसं व्हायचं, पण खापर सुनेवर: "हिच्या भाषेनं पोरीची जीभ जड झाली."

मी म्हटलं, "जीभ नाही काका, कान जड झालेत. तुमचे."

त्यानंतर मंडळात मला चहा मिळेना!

*

थंडीत मंडळाचं जेवण होतं. भिजवलेले पावटे सोलायचे होते. मी पोरांना पातेल्याभोवती बसवलं. धडा नाही, कार्ड नाही. "चिमटीत धर. दाब. निसटला बघ सालीतून!"

पाच मिनिटांत नुसता कल्ला. "बुळबुळीत!" "उडाला!" "माझा अडकला!"

आणि तनू, "माझा पळाला! नोडु, नोडु, टेबलाखाली बघ!"

कुणी तिला थांबवलं नाही.

दारात काका. किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकत होते कोण जाणे. आत आले, तिच्याशेजारी मांडी घालून बसले, पावटा दाबला. तो थेट त्यांच्या चष्म्यावर! काकांनी तोंड उघडलं.

तनूनं ओलं बोट त्यांच्या ओठांवर ठेवलं.

"अज्जा, बोलू नको. हळू दाब."