गुडघ्याला लागणारी खिडकी

उकाड्यातलं मला कोणी काही शिकवायला येऊ नये. चोवीस वर्षं झाली मला घाटाखाली नांदायला येऊन. एप्रिल-मेचं ऊन तसं सरळ असतं. डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा, दुपारी घरात बसायचं, झालं. खरा हलकटपणा आषाढातला. पेरण्या आटोपलेल्या असतात, पाऊस आठ-आठ दिवस दडी मारतो, ढग वर झाकणासारखे बसतात आणि खाली आपण शिजतो. दोरीवरचा परकर संध्याकाळीही दमटच लागतो. मी घरी ब्लाउज शिवते. त्या दिवसांत मनगटाला रुमाल बांधल्याशिवाय मी मशीनवर बसत नाही, नाहीतर गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावर घामाचे डाग पडतात आणि मग त्या बाईचं दहा मिनिटं ऐकून घ्यावं लागतं.

माझं माहेर देऊळघाट, बुलढाण्याला लागून. आमच्या जिल्ह्यात माणसं दोनच जातीची, घाटावरची आणि घाटाखालची, आणि दोन्ही एकमेकांना थोडं कमीच समजतात. घाटावर मे महिन्यातसुद्धा पहाटे अंगावर काहीतरी ओढावं लागतं. राजूर घाट उतरून गाडी मोताळ्याकडे लागली की खिडकीतून येणारं वारंच बदलतं. लग्नानंतर पहिल्यांदा ते वारं तोंडावर आलं तेव्हा मला वाटलं, गाडीचं इंजिन तापलं असेल.

माहेरी कूलर नावाची वस्तू नव्हती. सासरी पहिल्या उन्हाळ्यात मी कूलर सुरू केला आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार गच्च लावून आत बसले. सासूबाईंनी दार उघडलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं हसल्या. घाटाखालच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की कूलर हवा आत ढकलतो, त्या हवेला बाहेर जायला वाट लागते. वाट नसली की खोलीत ओल कोंडते. आणि आषाढात तर कूलरचं पाणी बंदच ठेवायचं, नुसतं वारं घ्यायचं. हे मी स्वतःचं हसं करून घेऊन शिकले. त्या वर्षी तीनदा पिशवी भरून माहेरी पळाले होते. तिन्ही वेळा बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसवून परत आणून सोडलं, आणि दारातूनच माघारी गेले. आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही, कारण लेकीच्या घरचं पाणी पिणं त्यांच्या पिढीला पटत नव्हतं.

तर या बाबांना दोन वर्षांपूर्वी आषाढात मी इथं घेऊन आले. ते गवंडी. देऊळघाट आणि आजूबाजूच्या गावांत पंचेचाळीस वर्षं त्यांनी घरं बांधली. आई गेल्यावर एकटेच राहत होते. मी एकुलती एक. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस गळके पत्रे ठीक करायला शिडीवर चढला आणि पडला. पाय सुजला, ते चार दिवस कोणाला सांगितलं नाही. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी हातातलं ब्लाउज तसंच टाकून निघाले. पाय बरा होईपर्यंत चला, असं म्हणून त्यांना गाडीत घातलं. मनात मात्र मी ठरवून टाकलं होतं की आता यांना परत एकटं पाठवायचं नाही.

त्यांच्या मनातलं मला पिशवीवरून कळलं. आल्या आल्या त्यांनी पिशवी पुढच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली आणि ती उघडलीच नाही. रोज एक धोतर, एक सदरा काढायचा, धुऊन वाळला की घडी करून परत पिशवीत. आणि सोबत काय आणलं होतं? गोधडी. आषाढात, घाटाखाली! सकाळी आंघोळीला कढत पाणी हवं. अंगात बाह्यांची जाड बंडी. आठ दिवसांत पाठीवर घामोळं उठलं, मी मुलतानी माती लावायला गेले तर म्हणे बायकांचे चोचले मला नको. दिवसातून दहा वेळा एकच पालुपद, इथं माणसं राहतात तरी कशी.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. बंडी काढा, गार पाण्यानं दोनदा आंघोळ करा, जे काम असेल ते नवाच्या आत उरका, कूलरचं पाणी सुरू करू नका, दार उघडं ठेवा. त्यांनी हो म्हटलं. आमच्या घराण्यात हो म्हणणं म्हणजे काय असतं हे मला माहीत असायला हवं होतं.

एका दुपारी मी अस्तराचं कापड आणायला मलकापूरला गेले. आमचे हे शाळेत शिपाई आहेत, ते शाळेत होते. तीन वाजता मी परत आले तर पुढच्या खोलीचं दार आतून लावलेलं आणि कूलर पाण्यासकट घरघरत होता. हाका मारल्या, उत्तर नाही. शेजारी कूलर दुरुस्त करणारे चाचा राहतात, ते धावत आले आणि खांदा लावून त्यांनी कडी तोडली. आत पाऊल टाकलं तर भिंतींना ओल सुटलेली, आणि बाबा अंगात बंडी घालून भिंतीला टेकून खाली बसलेले. मी बोलत होते, ते माझ्याकडे पाहत होते, आणि मी कोण हे त्यांना कळत नव्हतं.

खरं सांगते, बावीस वर्षांची सगळी अक्कल त्या एका मिनिटात गेली. चाचांनीच त्यांना उचलून मागच्या लिंबाखाली नेलं, बंडी टराटरा फाडली, मी ओल्या चादरीनं अंग पुसत राहिले. ह्यांना बोलावून घेतलं, दवाखान्यात नेलं, सलाईन लावली. संध्याकाळी बाबांनी डोळे नीट उघडले आणि पहिला प्रश्न विचारला की बंडी कोणी फाडली. तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भरपूर रडून घेतलं.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, उद्याच्या गाडीनं जातो. मग मात्र माझा तोल सुटला. मरता मरता वाचले आणि परत त्याच शिडीखाली जाऊन एकटे पडायचं आहे का, मी काय तोंड दाखवू, आई असती तर तिनं तुमची पिशवी चुलीत घातली असती, तोंडाला येईल ते बोलले. ते उकाड्याचंच गाऱ्हाणं लावून बसले. मी म्हटलं, उकाडा मला सांगू नका, मी इथंच आहे ना, वितळले का मी? मग कुठे ते खरं बोलले.

"गर्मीचं काय बाई, ती सोसली असती. पण उद्या कालच्यासारखं झालं अन् मी उठलोच नाई, तं जावायाच्या दारातून माही तिरडी निघन. ते मले नाई चालत."

उकाड्यावर माझ्याकडे पन्नास उपाय होते. यावर एकही नव्हता. मी चहा करायला म्हणून आत गेले आणि चहा न करताच उभी राहिले.

डॉक्टरांनी दोन दिवस हलू नका असं बजावलं होतं, म्हणून गाडी दोन दिवस लांबली. बाबा लिंबाखाली बाजेवर पडून असायचे. पडल्या पडल्या त्यांचं लक्ष आमच्या घराच्या मागच्या भिंतीकडे गेलं. ती पुढच्या खोलीचीच पश्चिमेची भिंत, स्वयंपाकघर बाजूला आहे. अख्खी कोरी, एक झरोका नाही. पुढच्या खोलीला एकच खिडकी, ती पूर्वेला आणि तिच्यात कूलर. बाबांनी आधी ही भिंत कोणत्या गाढवानं बांधली याची चौकशी केली. मग ह्यांना जवळ बसवून म्हणाले की या दिवसांत सगळं वारं इकडूनच येतं, ते इथंपर्यंत येतं, लिंबाची पानं हलवतं आणि भिंतीवर डोकं आपटून परत जातं.

मग स्वतःशीच हसले. घाटावर त्यांनी हेच वारं जन्मभर अडवलं होतं. तिथं पावसाळ्यात पश्चिमेचं वारं घरात पाणी मारतं, म्हणून त्यांनी बांधलेल्या एकाही घराला पश्चिमेला खिडकी नाही. कोणी मागितली तरी ते देत नसत. त्यांना आता ते उलटं करायचं होतं. पण विचारायची लाज वाटत होती, जावयाची भिंत फोडायची म्हणून. विषय काढायचे आणि सोडून द्यायचे, काढायचे आणि सोडायचे.

आमचे हे बोलायला कंजूष. दिवसाला वीस वाक्यं पुरतात त्यांना. ते उठले, घरातून हातोडा आणि छन्नी घेऊन आले आणि बाबांच्या बाजेवर ठेवली.

"मामाजी, भिंत कुठून फोडायची तेवढं सांगा."

मी मनात म्हटलं, चला, चार दिवस तरी मिळाले. खिडकी करून देतील आणि जातील. लेकीच्या घरी खाल्लेलं अन्न असं फेडून जातील आणि मोकळे होतील, हा विचार मनात आला आणि माझा पुन्हा संताप झाला.

शनिवार-रविवार काम चाललं. विटा फोडायला हे आणि चाचा. बाबा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते. चाचांनी कूलरच्या जुन्या सांगाड्याचे दोन लोखंडी अँगल आणले, वरच्या विटांना आधार म्हणून. धूळ उडायची, म्हणून मी मशीन आणि कापडं घेऊन चाचींच्या ओसरीत बसले. लोकांच्या ब्लाउजवर विटांचा चुरा पडून चालत नाही. पण कान इकडेच होते. बाबा बंडी काढून उघड्या अंगानं, खांद्यावर ओला पंचा टाकून बसत. सकाळी सहाला सुरू, नवाला बंद. नवानंतर चाचांनी हातोडा उचलला तर बाबाच त्यांच्यावर ओरडले, म्हणे काही कळतं का नाही, या गर्मीत कोणी काम करतं का! चाचींनी माझ्याकडे पाहिलं, मी चाचींकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो.

विटांची शेवटची जुळणी आणि गिलावा बाबांनी स्वतः केला. थापी हातात आली की त्यांचा हात चुकत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. चौकट बसली, गज बसले, मग मला बोलावणं आलं.

मी पाहिलं आणि डोक्याला हात लावला. खिडकी खाली आली होती, पार खाली. उभं राहिलं तर तिचा कठडा माझ्या गुडघ्याला लागत होता. बाहेर पाहायचं म्हटलं तर वाकावं लागणार. शेळीनं मनात आणलं तर आत तोंड घालून माझं कापड चघळावं. पंचेचाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसानं लेकीच्याच घरात एवढी मोठी चूक करावी? मला वाटलं, डोक्याला लागलेली ती गर्मी अजून उतरलेली नाही. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"बाबा, हे काय करून ठेवलं? एवढ्या खाली कोणी खिडकी ठेवते काय?"

बाबा भिंतीची सरळ रेषा पाहायच्या ओळंब्याची दोरी गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. ह्यांना खूण केली, आणि ह्यांनी बाहेरची बाज आत आणून भिंतीला लावली. बाज आणि कठडा बरोबर एका रेषेत आले, बोटभराचाही फरक नाही. बाबा बाजेवर आडवे झाले, उशाकडून वारं आत आलं आणि त्यांचे पांढरे केस हलले.

"निजल्यावर वारं डोक्याले लागलं पाहिजे ना," ते म्हणाले.

"कोणाच्या डोक्याले?" मी विचारलं.

"माह्या. आनखी कोणाच्या?"

ह्यांनी एकदम चाचांना चहाला बोलवायचं निमित्त काढलं आणि बाहेर गेले. मी बाजेच्या पायथ्याशी बसले आणि ढसाढसा रडले, आणि बाबा डोळे मिटून पडल्या पडल्या मला सांगत राहिले की वर एक छज्जा काढावा लागेल, नाहीतर पाऊस आला की पाणी आत येईल, आणि जावयाला म्हणावं पुढच्या शनिवारी सिमेंटची एक गोणी आण. पुढच्या शनिवारी! मी उठून खिळ्यावरची पिशवी काढली. त्यांनी एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला. मी त्यांचे कपडे माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले आणि रिकाम्या झालेल्या खिळ्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी आपला ओळंबा टांगला.