तेवीस वेळा ‘हो’ दाबलं ते मी

लीगच्या सगळ्या मालक मंडळींना नमस्कार. मी तुमच्या चिक्कूशेठची मोठी बहीण. तुमच्या प्रमुखांचा निरोप आला, अक्का, भावावर चार ओळी लिहून द्या, आम्ही त्याच्या नावाने दरवर्षी एक बक्षीस ठेवतोय. कसलं, तर वर्षातल्या सगळ्यात वेड्या व्यवहाराचं. खाली हसरी तोंडं काढलीत. तुम्ही प्रेमानेच ठरवलं असणार. पण ते वाचून तोंड कुठे लपवू असं मला झालं. का ते सांगते. मी चौथीपर्यंत शिकलेली, बोलते तसं टाईप करते, चुका पोटात घाला.

माझा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. एकोणतीस वर्षं, मागच्या खोलीत. गिऱ्हाईक त्याला दिसायचंच नाही, त्याच्या डोळ्यांचा नंबर तेवढा यायचा. कधी पुढे आलाच तर दुकानाचं नुकसान करून जायचा. “बाई, ही महागाची फ्रेम नाकाला जड होईल, ती स्वस्तातली घ्या.” दुकानदार म्हणायचा, “बाबा रे, तू आतच बरा.”

लग्न केलं नाही त्याने. आमच्याकडेच राहायचा, जिन्यालगतच्या खोलीत. कामावरून आला की चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर. एकदा मी विचारलं, “हे काय रे?”

“बेसबॉल.”

“खेळतंय कोण? मला तर नुसते आकडे दिसतात.”

“कॉम्प्युटर खेळतो. खेळाडू पण खोटेच. आम्ही सोळा जण मालक. कोणाला किती वर्षं ठेवायचं, किती पगार द्यायचा, एवढंच बघायचं. पैसा सगळ्यांना सारखा, त्याच्या वर जायचं नाही.”

“मग त्यात मजा ती काय?”

“अगं, पैसा सारखा असतो, अक्कल सारखी नसते.”

आणि हसला स्वतःशीच. दुकानात त्याला अक्कल कोणी विचारली नव्हती कधी. तुम्ही विचारायचात. कोणाचा करार फसला की तुमचे निरोप यायचे, चिक्कूशेठ बघा जरा. अकरा वर्षं त्याने एकालाही करार अर्धा टाकून काढलं नव्हतं. हे तो मला जेवताना सांगायचा, कोणी पोराचे मार्क सांगावेत तसं.

मागच्या वर्षी त्याच्या छातीत पाणी झालं. नऊ दिवस दवाखान्यात. चौथ्या दिवशी त्याने मला पासवर्ड लिहून दिला. म्हणाला, “अक्का, आपला म्हातारा पिचर आहे ना, चेंडू टाकणारा, त्याचा करार एक वर्ष वाढव. रविवारच्या आत. बाकी कशाला हात लावू नकोस.”

मी दुपारी बसले. यादी उघडली. तेवीस नावं, प्रत्येकापुढे पगार, आणि खाली लाल अक्षरात एकूण देणं, सत्तावीस कोटी. मी शून्यं बोटाने परत मोजली. आमचे हे मागे उभे होते. म्हणाले, “बघ, तुझा साधाभोळा भाऊ. जुगार आहे हा. घरावर टाच आणणार एक दिवस.” तो मला म्हणाला होता खेळाडू खोटे. पैसे खोटे असं नव्हता म्हणाला. निदान मला तरी तसंच आठवलं.

प्रत्येक नावापुढे ‘सोडा’ असं बटण होतं. दाबलं की विचारतं, नक्की? मी हो दाबलं. पहिल्याचं नाव दोनदा वाचलं, मग नाही. पिचर शेवटी. खरं सांगते, उठले तेव्हा मला भावाला वाचवल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, “सगळे काढून टाकले. सुटलास.”

तो उशीवरून थोडा उठला. मग म्हणाला, “पिचर पण?”

“सगळे.”

“अक्का, ते खरे पैसे नव्हते गं.” मग म्हणाला, “आणि खोटे असले तरी सुटलो नाही. मधेच सोडलं की त्यांचा पगार माझ्याच डोक्यावर राहतो. खेळणार दुसऱ्यांकडे, आकडा माझ्या यादीत.”

रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने मलाच पाणी प्यायला सांगितलं.

तोवर तुम्ही त्याचे खेळाडू वाटून घेतले होते. तुमचा दोष नाही, नियमच तसा. तुम्ही लिहिलंत, चिक्कूशेठला सलाईन चढली का दारू? त्याने उत्तर दिलं, हात घसरला. कोणीतरी लिहिलं, तेवीस वेळा? तेव्हापासून तो किस्सा झाला.

मी म्हटलं, “सांग ना, बहिणीने केलं म्हणून.”

“टीम काढून घेतील. दुसऱ्याला पासवर्ड द्यायचा नाही असा नियम आहे. परक्याच्या हातात टीम द्यायची नाही.”

“मी परकी?”

“त्यांच्या नियमात आहेस.”

मी गप्प बसले. त्याच्यासाठी बसले असं लिहिणार होते, पण खोटं होईल. मला बरं वाटलं. माझं कोणाला कळणार नाही म्हणून बरं वाटलं. तो रोज तुमची थट्टा वाचायचा आणि मी शेजारी बसून भाजी निवडायचे. उरलेल्या दमड्यांत त्याने कोणालाच नको असलेली माणसं घेतली. टीम शेवटची आली. पुढल्या वर्षी तो हिशोब फिटेल म्हणायचा. ते वर्ष सुरू व्हायच्या आधीच गेला.

दुकानदार भेटायला आला तर बोलता बोलता तो पण म्हणाला, खेळात कायतरी घोळ केला होता ना शेवटी? म्हणजे तिथवर पोचलं. घरात बसून मी ते पण ऐकून घेतलं, हो म्हटलं.

आता त्याची टीम काढायची तर काढा, नियम मोडलाच आहे. पण तुमच्या दप्तरात जिथे कुठे त्या दिवसाची नोंद असेल तिथे दुरुस्ती करा. त्याने एकही करार मोडला नाही. बक्षीस त्याच्या नावाचं ठेवायचंच असेल तर करार निभावणाऱ्याला द्या. आणि वेड्या व्यवहाराला नाव लागत असेल तर चष्मेवाल्याची अक्का लिहा. माझी तक्रार नाही.