वीतभर माती

नववीच्या भूगोलाच्या धड्यात वाळवंटातला भूछत्र खडक येतो, आणि आमची बेळगावची पोरं तो इतका सुबक काढतात की मला संताप येतो. शेजारी न चुकता एक उंट. शाळेखालच्या जमिनीत काय आहे असं विचारलं, तर वर्ग पुस्तकाची पानं उलटायला लागला. एक जण म्हणाला, फरशी. तो चेष्टा करत नव्हता, हे आणखी वाईट.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मी वर्ग बाहेर काढला. मुख्याध्यापकांचं म्हणणं, न्यायचंच आहे तर धबधब्यावर न्या, मुलं फोटो काढतील. मला फोटो नको होते. मी मुलांना खानापूरच्या वाटेवरच्या माझ्या माहेरच्या गावी नेलं. गावाच्या डोक्यावर एक सपाट माळ आहे आणि त्या माळावर आमचं रान. आमचं म्हणजे आता माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं. लग्नानंतर मी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झाले होते. वडील तिथं रताळी लावायचे, अण्णाही तेच लावतो. रताळी काढून झाली होती आणि रान मोकळं पडलं होतं.

मुलांना मी पहिल्यांदा हातोड्या दिल्या. दगडाकडे वरून बघून काही कळत नाही, वरची कातडी ऊन-पावसानं बदललेली असते, तो फोडून आतलं ताजं अंग बघायचं, भूगर्भशास्त्रज्ञ पहिल्यांदा हेच करतात, असं सांगितलं. पोरांनी जांभा फोडला. आत तांबडा, पिवळा, सगळीकडे भोकं. बाटलीतलं पाणी ओतलं तर दगडानं पिऊन टाकलं. मग उतरावर खाली नेऊन काळा बेसाल्ट दाखवला. त्याच्यावरून पाणी तसंच ओघळून गेलं. हा काळा दगडच पावसानं युगानुयुगे कुजत गेला, त्यातलं विरघळणारं वाहून गेलं, लोखंड मागं राहिलं आणि घट्ट झालं. त्याचं हे झाकण बसलंय म्हणून माळाचा माथा सपाट राहिला आणि कडा तुटल्या. मुलं ऐकत होती. उंट कुणाला आठवला नाही.

शेवटी बांधाजवळ एक खड्डा काढायला लावला, जमिनीचे थर उभे दिसावेत म्हणून. उताराचं माप घ्यायला लाल फडकी बांधलेल्या खुंट्या ठोकल्या, टेप ताणला. दिसतं ते आधी लिहायचं, वाटतं ते नंतर, हे मी चार वेळा बजावलं. लिहिण्यासारखं फार नव्हतं. वर वीतभर माती, खाली नुसता जांभा.

या माळावरून बायपास जाणार आहे हे मला ठाऊक होतं. मोजणीवाल्यांनी रोवलेले दगड गावानं उपटून फेकले होते, हेही ठाऊक होतं. पण शाळेच्या गणवेशातली पोरं बघून कुणी मोजणीवाले समजेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. शेजारच्या रानातून कुणीतरी अण्णाला फोन केला की तुझ्या रानात सर्वे चाललाय. अण्णा बेळगावच्या उद्यमबागेत, लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला आहे. तसाच कामाच्या कपड्यांत, अंगावर साच्यांची काळी वाळू घेऊन मोटारसायकलीवरून आला. दुसऱ्या कुणी खड्डा काढला असता तर त्यानं मारलं असतं. मी आहे हे बघून त्याचा राग कमी झाला नाही, वाढला.

"कुणाला इचारून काढलास खड्डा?"

मी म्हटलं, माझ्याही बापाचं रान आहे.

"सही करताना न्हवतं व्हय बापाचं?"

चाळीस पोरांसमोर. मी रागारागानं टेप गुंडाळायला घेतला. त्यानं खुंट्या उपटून बांधावर फेकल्या. माझ्या वर्गातली एक हुशार पोरगी, मीच तिला धीट केलेली, पुढं झाली आणि त्याला समजावून सांगायला लागली की काका, आम्ही फक्त थर बघतोय, इथं माती वीतभरच आहे, खाली सगळा दगड आहे.

अण्णा तिच्यावर ओरडला नाही. तो सगळ्या पोरांकडे वळला.

"तुमच्या बाईस्नी इचारा. ह्या वीतभर मातीतली रताळी इकून त्या शिकल्यात."

मग खाली बसून त्यानं हातांनीच खड्डा बुजवायला घेतला. पोरं माझ्याकडे बघत होती. मी त्यांना बसमध्ये बसायला सांगितलं.

पोरं गेल्यावर तो खरं बोलला. बायपाससाठी जमीन घेण्यावरच्या हरकतींची सुनावणी जवळ आली होती. सरकारी अहवालात हे रान खडकाळ, पडीक, म्हणून रस्त्याला घ्यायला योग्य, असं होतं. वकिलानं हरकतीत लिहिलं होतं, जमीन खोल मातीची आणि सुपीक. आणि मी चाळीस साक्षीदार आणून त्यांना उलटं शिकवत होते. आता निदान सुनावणीला ये म्हणाला, मास्तरीण आहेस, माती खोल आहे असं सांग, तुझं ऐकतील. मी म्हटलं, हे खोटं आहे, उद्या वर्गात कुठल्या तोंडानं उभी राहू?

"पोरास्नी दुसरा माळ दाव. मला दुसरं रान न्हाय."

मी नाही म्हणून निघाले. बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत.

सुनावणीला मी गेलेच. अण्णाला न सांगता गेले आणि मागच्या बाकावर बसले. सुनावणी घेणारे साहेब कन्नडमध्ये विचारत होते, अण्णा कन्नडमध्ये उत्तरं देत होता. माती खोल आहे, तो म्हणाला. किती खोल, साहेबांनी विचारलं. तो अडखळला. माझा भाऊ खोटं बोलायला इतका कच्चा आहे की बघवत नव्हतं. मी उठले. मी त्यांची बहीण, भूगोल शिकवते, मला बोलू द्या म्हटलं.

मला वाटलं होतं, खरं सांगूनच हे रान वाचवता येईल. मी सांगितलं, माती वीतभर आहे. पण तिच्याखालचा जांभा पाणी पितो, म्हणून सरीत पाणी साचत नाही, म्हणून रताळं कुजत नाही. खालच्या काळ्या रानात तेच रताळं नासतं. तोच पाऊस जांभ्यातून झिरपून खालच्या विहिरींना येतो. खडकाळ म्हणजे पडीक नव्हे. मी चांगलं बोलले. वर्गातही इतकं नीट कधी बोलले नसेन.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि कारकुनाला मजकूर सांगितला, की अर्जदाराच्या बहिणीनं, ज्या स्वतः भूगोलाच्या शिक्षिका आहेत, माती वीतभर असल्याचं मान्य केलं. पुढचंही लिहा, मी म्हटलं. पिकाचं आणि पाण्याचं खातं वेगळं, असं सांगून त्यांनी पुढचं नाव पुकारलं. मी आवाज चढवला तेव्हा शिपाई उठून जवळ आला.

अण्णा बाहेर मोटारसायकलीजवळ उभा होता. तो शिव्या देईल म्हणून मी तयार होते, माझ्याकडेही द्यायला होत्या. तू पहिल्यापासून खरं बोलला असतास तर, मी सुरू केलं. तो मोटारसायकलीची सीट पुसत राहिला. मी दमले तेव्हा म्हणाला, "वीतभर तेवढं लिवलं त्यांनी."

"पुढचं मी बोलले ते तू तरी ऐकलंस ना?"

"ऐकलं की. बापाला बी एवढं कळत न्हवतं. लई चांगलं बोललीस." त्यानं किक मारली. "रस्ता माझ्या ऐकण्यानं थांबतोय व्हय?"

तो फौंड्रीतल्या पाळीला निघून गेला. त्या साहेबांचा, त्या वकिलाचा आणि अण्णाचा मला आजही राग आहे. त्यानंतर अण्णानं मला फोन केलेला नाही. यंदा दिवाळीला माझ्या घरी अण्णाकडून दरवर्षी येणारं रताळ्यांचं पोतं आलं नाही, बाजारातून किलोभर आणावी लागली.