पहिल्या रांगेतली आत्या

भंडारा जिल्ह्यात व्याख्यानं देणारे पुष्कळ होऊन गेले, पण ती ऐकावीत आमच्या आत्यानंच. एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमारास मोहाडीला हिवाळ्यात विद्यापीठाची व्याख्यानमाला व्हायची, आणि मी शाळेत मास्तर असल्यामुळे कार्यवाहपद माझ्याच गळ्यात पडलं होतं. आत्या विधवा, आमच्याकडेच राहायची; अक्षरओळख सहीपुरती. पण धानाची मळणी चालू असो की घरात पाहुणे असोत, साडेपाचच्या व्याख्यानाला ती पाचलाच हजर. बायकांची सतरंजी मागं असायची. "मागून गुरुजीचं तोंड नाही दिसत," म्हणत ती आपलं पोतं थेट पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांपुढं अंथरायची. प्रश्न सुचला की लुगड्याच्या पदराला गाठ मारायची आणि विचारून झाला की सोडायची. 'नागरिकांची कर्तव्ये' ऐकताना तर तिनं इतक्या गाठी मारल्या, की वक्ते अर्ध्या तासातच बसची वेळ विचारू लागले.

त्या वर्षी नागपूरचे एक प्राध्यापक पहिल्या दिवशी अमेरिकेतल्या काळ्या-गोऱ्यांवर बोलले. सगळे हळहळले. अध्यक्ष गावातले बडे व्यापारी, त्यांनी तर डोळ्यांना रुमाल लावला. मी "काही प्रश्न?" म्हणतो न म्हणतो तोच आत्या उठली.

"गुरुजी, तिकडं काळ्यायच्या विहिरी येगळ्या रायत होत्या का? म्हणजे आमच्या गावावानी?"

अध्यक्षांचा रुमाल खिशात गेला. मी घाईघाईनं आभार उरकले. आत्याची इतकी लाज वाटली की कान तापले. पायरीवर अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, घरच्या माणसाले आवरा."

आणि मी आवरलं. दुसऱ्या दिवशीचा विषय होता 'स्त्री आणि नागरिकत्व'. पत्रक वाचून दाखवलं तेव्हाच आत्यानं त्यासाठी गाठ मारून ठेवली होती. माझी बायको आंधळगावला माहेरी गेलेली.

"आत्या, गुरुजी आज आपल्या घरी जेवतेत. तुह्याच हातचा पाटोडीचा रस्सा पायजे."

"मंग मी व्याख्यानाले नाही येऊ, बापू?"

"कसं जमन वो?"

ती बेसनाचा डबा काढायला उठली.

जेवताना प्राध्यापक म्हणाले, "आजी, आज तुम्ही नव्हता. एकानंही प्रश्न विचारला नाही!"

मी ताटात मान घातली.

"डोक्सं दुखून रायलं होतं, गुरुजी," आत्या म्हणाली. "बापूनं तं लय बलावलं होतं." आणि माझ्या वाटीत रस्सा वाढायला वाकली. पदराची गाठ माझ्या ताटावर लोंबत होती. तासाभरापूर्वीच मी आभार मानताना स्त्रियांच्या हक्कांवर बोलून टाळ्या घेऊन आलो होतो.

पुढच्या वर्षी मीच तिचं पोतं पुढं नेऊन अंथरलं. ती आली, शेवटपर्यंत बसली, पण पदराला गाठ मारली नाही.

"काहून वो आत्या, काही विचारलं नाही?"

"तुले तरास होते नं, बापू."

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. त्या गाठीतला प्रश्न कोणता होता, हे मी तिला कधीच विचारलं नाही. लाज वाटायची. अजून वाटते.