बबनच्या घरी, कोळवणला

आज पुण्याहून कोळवणला तास-दीड तासात गाडी पोचते. वाटेत पिरंगुटला मिसळ खाता येते. मी पहिल्यांदा गेलो तो त्रेसष्टच्या मे महिन्यात, चीनच्या कैदेतून सुटून आल्यावर पंधरा दिवसांनी. आई म्हणत होती, "अंगात जरा ताकद येऊ दे." पण मला थांबवेना.

बबन माझ्याच पलटणीतला. बासष्टच्या लढाईत नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, एकाच खंदकात, माझ्या शेजारी तो गोळी लागून गेला. मला पकडून नेलं. तो तिथंच राहिला. त्याच्या घरी कागद गेला होता 'बेपत्ता' म्हणून. खरं काय ते मलाच ठाऊक होतं.

सकाळच्या एसटीने पौडला उतरलो. पुढे पायी. सोबत पाणी घ्या, उन्हाळ्यात त्या वाटेला सावली कमी. जागोजागी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून राब भाजत होते, धुराने डोळे चुरचुरत होते. राबाशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला बबनचं घर विचारलं.

"कोन तुमी?"

"त्याच्या पलटणीतला."

म्हातारा राब सोडून जवळ आला. "मी त्याचा बा," तो म्हणाला. "हितंच सांगा आदी. हाय का न्हाई?"

मी नाही म्हणून मान हलवली. बबनचे वडील, आबा, बांधावर बसले. धूर अंगावर येत होता तरी हलले नाहीत. मग उठून म्हणाले, "सुनंला तुमीच सांगा. माज्याच्यानं व्हायचं न्हाई."

ताराने, बबनच्या बायकोने, पाण्याचा तांब्या पुढे केला. कपाळावर ठसठशीत कुंकू. वय असेल एकोणीस-वीस. मी सांगितलं. तिने एकच विचारलं, "भावजी, तुमी डोळ्यांनी पाह्यलं?"

"हो, वहिनी."

ती आत गेली. मग घरात जे रडणं उठलं, ते मला लिहिता येणार नाही. त्या दिवशी आबांनी मला जाऊ दिलं नाही. शेजारच्या घरून भाकरी आणि कुळथाचं पिठलं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आबा पुढे चालत होते. तारा नदीपर्यंत येते म्हणाली. कपाळ मोकळं होतं. मी तिकडे बघायचं टाळत होतो.

"भावजी, मरनाचं सांगितलंत. त्येच्या आदीचं सांगा की. तितं त्ये काय करायचे?"

 मला खेचरांचं आठवलं, ते सांगितलं. रसद वाहणारी खेचरं कोणालाच जुमानत नसत. बबन बैलांना देतात तशी हाळी द्यायचा आणि ती निमूट चढ चढायची. साहेबसुद्धा त्यालाच बोलावून न्यायचे.

तारा थांबली. "आमचे बैल तर त्येंचं कदी ऐकायचे न्हाईत!" म्हणाली आणि खुदकन हसली. हसता हसताच पदर तोंडाशी गेला. आबा पुढे पाठमोरेच उभे राहिले.

नदी आली, पण ती परतली नाही. "अजून सांगा," म्हणाली. पौडचा रस्ता लागेपर्यंत मी सांगत होतो.

संध्याकाळी घरी पोचलो. आईने विचारलं, "सांगितलंस सगळं?"

"नाही," मी म्हणालो. "पुन्हा जावं लागेल."

त्यानंतर कितीतरी वर्षं जात राहिलो.