लीनाचा बीकन

सगळ्यात चांगलं ते दुसऱ्याला, हा लीनाच्या घरातला न बोललेला कायदा होता. करपलेली पोळी तिच्या ताटात, कालची भाजी तिची, आणि कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या थंडीत हीटरजवळची खुर्ची नवऱ्याची, सलिलची. डोंबिवलीत तिची आईही असंच करायची, त्यामुळे आपण काही त्याग करतोय असं तिच्या मनातही आलं नव्हतं. अशा बायकांचं कौतुक करण्यात आपण पटाईत असतो. "ताजी पोळी तू घे" म्हणायला मात्र आपली जीभ रेटत नाही.

त्या हिवाळ्यात दोघांनी रिझॉर्टचे आखलेले उतार सोडून पलीकडच्या मोकळ्या डोंगरात स्कीइंगला जायचं ठरवलं. तिथे कधी बर्फाचा थर सुटतो, माणूस गाडला जातो, आणि त्याला वाचवायला जेमतेम काही मिनिटं मिळतात. म्हणून प्रत्येकाने छातीशी बीकन बांधायचा. एरवी तो नुसता सिग्नल पाठवत राहतो. सोबती गाडला गेला, की आपल्या बीकनवर त्याचा सिग्नल पकडत त्याला शोधायचं.

लीनाने ढीगभर रिव्ह्यू वाचून सर्वांत उत्तम बीकन निवडला. सलिलसाठी. स्वतःला तिने चारुदत्तचा जुना घेतला. ऑफिसातल्या या मित्राने गुडघा दुखावल्यापासून स्कीइंग सोडलं होतं.

"अगं, दोन्ही नवेच घेऊ ना," सलिल म्हणाला.

"कशाला? हा चालतोय की. तू पुढे असतोस, तुला चांगला हवा."

सलिलने फार ताणलं नाही.

निघायच्या सकाळी, पार्किंगशेजारी, त्याने आपला बीकन पिशवीत घालून बर्फात पुरला. "समज, मी खाली आहे. शोध मला."

जुना बीकन टिकटिकत राहिला. कुठल्या दिशेला, किती लांब, काही सांगेना. आवाज वाढला की ती धावायची, तेवढ्यात तो मंदावायचा. एवढ्या थंडीत तिला घाम फुटला.

"लीना, थांब," शेवटी सलिल हळूच म्हणाला. "वेळ संपला."

ती होती तिथेच गुडघ्यांवर बसली आणि तिला रडू कोसळलं. उत्तम बीकन तिने त्याच्या छातीशी बांधला होता, आणि त्याला शोधायचं ते या जुन्या डब्याने. इतक्या प्रेमाने तिने त्याला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं.

सलिलने पिशवी उकरून नवा बीकन तिच्यापुढे धरला. "हा तू घाल. जुना मी घेतो."

तिने हात पुढे केला नाही. "आणि मी गाडले गेले तर? तू कशाने शोधशील मला?"

सलिलने तिच्या हातातल्या जुन्या बीकनकडे पाहिलं.

"मलाही असाच हवा," ती म्हणाली. "तोवर डोंगर नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात 'मला हवा' हे तिच्या तोंडून त्याने पहिल्यांदाच ऐकलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने स्की पुन्हा गाडीवर बांधल्या आणि गाडी कॅनबेराकडे वळवली.