परगावी पोरांचं कोण असतं?

आमच्या नलूवहिनीने आपल्या टीमची घरची मॅच कधीही पाहिली नाही. अंधेरीचं मैदान मुलुंडहून काही फार लांब नव्हे, तिकीटही स्वस्त, तरी ती गेली नाही. मडगावला गेली, बंगळूरला गेली, कलकत्त्याला गेली. एकदा गाड्या बदलत बदलत शिलाँगला पोचली आणि टीमबरोबर हरून परत आली. कोणी विचारलं तर म्हणायची, "घरच्या मॅचला काय, आईबाप येतात, मित्र येतात, मैत्रिणी येतात. परगावी पोरांचं कोण असतं?"

टीम म्हणजे मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या पोरांना घेऊन उभा राहिलेला एक छोटा क्लब. नारंगी जर्सी. मोठ्या लीगमध्ये कसाबसा तग धरून होता. परगावच्या मॅचला त्याच्या मागे जाणारे पंधरा-वीस जण, सगळे विशी-पंचविशीतले. त्यांच्यात ही एक बाई, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, पायात कॅनव्हासचे बूट. पोरं तिला आजी म्हणत.

वहिनीचं माहेर सावंतवाडीच्या पुढे, गोव्याच्या हद्दीला लागून. तिकडे भात कापलं की मोकळ्या शेतात फुटबॉल चालतो. लहानपणी गावच्या टीमबरोबर टेम्पोत बसून ती हद्दीपलीकडच्या गावांत जायची. पुढे लग्न होऊन मुलुंडला आली, माझ्या दादाचा संसार केला, पोस्टात नोकरी केली, आणि इतक्या वर्षांत फुटबॉलचं नावही काढलं नाही. मूलबाळ नव्हतं. दादा गेला, मग ती निवृत्त झाली. आमची दारं समोरासमोर. एके सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाली, "भाऊजी, मडगावला मॅच आहे. सोबत येता का? तुम्ही खेळ नका बघू. सामानाजवळ वाचत बसा."

मी पार्ल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. एकटा माणूस. जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. तिला एकटीला कसं पाठवायचं म्हणून गेलो, आणि नंतर जातच राहिलो.

त्या पहिल्या मॅचला मी खरंच पुस्तक उघडलं होतं. शेजारी वहिनी उभी राहून ओरडली, "खंय बघतंस रे मेल्या! मागे माणूस आसा!" तीस-पस्तीस वर्षांत तिच्या तोंडून मालवणी मी ऐकली नव्हती. दचकून वर पाहिलं तर चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि ही भलत्याच पोरावर ओरडत होती. मी तसं म्हणालो.

"बॉल सगळेच बघतात, भाऊजी. बॉल नसताना कोण काय करतो ते बघा. टीम तिथे कळते."

त्या दिवशी आपण जिंकलो. शेवटच्या मिनिटाला गोल झाला. आमची पोरं कठड्यावर चढून नाचत होती. वहिनी तेवढी बसून होती.

"आजी, उठा ना! जिंकलो!"

"जिंकलात. पण ही टीम खालच्या लीगमध्ये जाणार."

"काय यार आजी! आज तरी नका ना. पनवती लागेल."

"गोल मारला त्याच्या अंगावर दहा जण पडले. ज्याने पास दिला तो एकटाच परत चालत गेला. एकाने तरी पाठीवर हात ठेवला? नाही. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, पण जाणार."

पोरं त्या दिवशी तिच्याशी धड बोलली नाहीत. परतीच्या गाडीत तिने डब्यातलं खाजं काढून सगळ्यांना वाटलं. ते त्यांनी मुकाट्याने खाल्लं. भाकित मात्र तिने मागे घेतलं नाही.

तिचा हा स्वभावच होता. खोटा दिलासा तिला देता यायचा नाही. परगावी मॅच संपली की पोलीस पाहुण्यांना लगेच सोडत नाहीत. घरची गर्दी पांगेपर्यंत अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. आमची टीम तेवढ्यात कुंपणापाशी येऊन आमच्यासाठी टाळ्या वाजवायची. गोलकीपर प्रथमेश, भांडुपचा, तो हमखास थांबायचा. जाळीला बोटं अडकवून विचारायचा, "आजी, आज कसं?"

"तुझे हात चांगले आहेत. तोंड शिवलंयस का? मागून तुला सगळं मैदान दिसतं, पुढच्यांना दिसत नाही. बोलत जा की."

"ऐकत नाहीत आजी ते."

"नाही ऐकत. तरी बोल."

तो हसायचा. पुढच्या मॅचला पुन्हा गप्प. पुन्हा येऊन विचारायचा, पुन्हा तेच ऐकायचा. मला वाटायचं, हा मुलगा एवढी बोलणी खायला का येतो? नंतर लक्षात आलं, हरल्यावर त्याला सगळेच "चालतं रे" म्हणत असत. खरं काय ते एकाच ठिकाणी मिळायचं.

गेल्या पावसाळ्यात वहिनीचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडात गाठ होती, ती पसरली होती. डॉक्टर तरुण होते, भले होते. औषधांबद्दल, आहाराबद्दल बरंच बोलले. वहिनीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढच्या सीझनला मी आहे का?"

डॉक्टरांना कळलं नाही. मी म्हणालो, "पुढच्या वर्षीचं विचारतेय ती."

ते फाइलमध्ये बघत म्हणाले, "आजी, आपण प्रयत्न करत राहू. पॉझिटिव्ह राहायचं."

"म्हणजे नाही," वहिनी म्हणाली आणि पर्स उचलून उठली. बाहेर रिक्षात बसल्यावर म्हणाली, "हा सीझन तरी पुरा बघू."

त्या सीझनभर टीम घसरत होती आणि वहिनीही. बंगळूरला ती चाकांच्या खुर्चीवरून गेली. पुढच्या दोन मॅचना नाहीच जाता आलं. शेवटची मॅच कोल्हापूरला होती. बरोबरी झाली तरी टीम टिकणार होती, हरली तर खालच्या लीगमध्ये जाणार. तिने तिकिटं आधीच काढून ठेवली होती, दोघांची. पण निघायच्या दिवशी तिला उशीला टेकून बसताही येईना.

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"तुला असं टाकून? शक्य नाही."

"इथे बसून काय करणार? वाचणार. ते कोल्हापुरात वाचा. शेजारच्या देसाईबाई आहेत माझ्याजवळ."

"वहिनी, मला त्या खेळातलं काही कळत नाही."

"कळायचं काय आहे? पोरं मॅच संपल्यावर वर बघतात. आपल्या जागी आपलं माणूस दिसलं पाहिजे. जा हो भाऊजी. एवढंच मागतेय."

तिने आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. गेलो.

कोल्हापुरात मैदानाबाहेर जत्रा भरली होती. दारावरच्या हवालदाराने माझे पांढरे केस बघून मला सावलीतल्या स्टँडात नेऊन बसवलं. मी वहिनीला फोन लावला आणि बसल्याचं सांगितलं.

"सावली? आपल्याला सावली कुठली मिळायला? आजूबाजूला कोणता रंग आहे?"

मी नीट पाहिलं. सगळे कोल्हापूरच्या टीमचेच होते.

"उठा! आत्ताच्या आत्ता उठा!"

मी उठलो तसा शेजारचा एक तरुण म्हणाला, "काका, कुठं निघालासा? बसा की निवांत."

"मी मुंबईच्या टीमचा," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदाच हे वाक्य माझ्या तोंडून निघालं.

"आवो, तिकडं ऊन हाय! आन् ती आज पडणारी टीम हाय."

"माहीत आहे," म्हटलं आणि निघालो. त्याने हसून मला वाट करून दिली. जाताना त्याची पाण्याची बाटलीही माझ्या हातात दिली.

मॅच मुलुंडला देसाईबाईंच्या मोबाईलवर दिसत होती, पण तिथे पोचायला थोडा उशीर लागायचा. माझ्यासमोर घडलेलं वहिनीला अर्ध्या मिनिटाने दिसायचं. तसाही तो कॅमेरा चेंडूमागेच फिरत होता. तिला बाकीचं हवं होतं. मी कानाला फोन लावून सांगत बसलो. "डावीकडचा बारका मुलगा गुडघ्यावर हात ठेवून उभा आहे." "दमला तो. पुढे?" "बाकावरची मुलं उभी राहिली आहेत." "सगळी?" "सगळी." "आणि प्रथमेश?" मी गोलपोस्टकडे पाहिलं. तो दोन्ही हात तोंडापाशी धरून ओरडत होता. एकेकाला नावाने हाक मारून जागा दाखवत होता. "वहिनी, तो बोलतोय. सारखा बोलतोय."

पलीकडून आलं नुसतं, "बरं."

शेवटची पाच-सात मिनिटं उरली होती, बरोबरी होती. त्यांनी उजवीकडून चेंडू आत टाकला, गर्दीत कोणाच्या तरी डोक्याला लागला आणि प्रथमेशच्या बोटांवरून आत गेला. सगळं मैदान उसळलं. मी गप्प झालो. तिच्यासमोर ते अजून घडायचं होतं.

"भाऊजी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गेला ना?" वहिनी म्हणाली. "राहू दे. मी बघते."

संपल्यावर टीम आमच्या कोपऱ्याकडे आली. डोळे पुसत, पण सगळी मिळून. बारक्या मुलाला दोघांनी खांद्याला धरून आणलं होतं. हेही मी फोनवर सांगितलं. प्रथमेश जाळीशी आला, आमच्यातला एकेक चेहरा बघत. "आजी कुठंय?"

मी फोन स्पीकरवर टाकून जाळीला लावला.

"आजी, वाट लागली."

"बघितलं रे."

"सॉरी आजी."

"सॉरी कसलं? बोलत होतास म्हणे मागून."

"हो. ऐकत होते ते आज." त्याने बाहीने नाक पुसलं. "आजी, पुढच्या वर्षी परत वर येऊ ना?"

मला तिचं उत्तर ठाऊक होतं. मडगावला जिंकल्यावर जिने खाली जाणार म्हणून सांगितलं, ती आज काय सांगणार? मी फोन काढून घ्यावा का, असंही एकदा मनात आलं.

"येऊ," वहिनी म्हणाली. "का नाही येणार?"

"तुम्ही येणार ना पण? तुमच्याशिवाय नाही मजा."

"म्हणजे काय? मी नाही तर कोण?"

तो हसला, जाळीवर थाप मारून पळत आत गेला. पलीकडे देसाईबाईंचा आवाज आला, "नलूताई, पुरे आता, पडा बघू," आणि फोन बंद झाला. पोलिसांनी आम्हाला बसवून ठेवलं होतं. मी त्या उन्हात बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलुंडला पोचलो. वहिनी जागी होती. एका दिवसात चेहरा अर्धा झाला होता. मी तिचा हात हातात घेतला. कोल्हापूरचं बोलणं तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. मग म्हणाली, "आता तुम्ही सांगा. पुढच्या वर्षी आपलं काय?"

"वर येऊ," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला खोटं बोलायला जमत नाही, भाऊजी." मग तिने डोळे मिटले. "पण बोला. ऐकते मी."

मग मी बोलायला लागलो. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण त्या दुपारी मी पुढचा सगळा सीझन सांगितला. बारका मुलगा अंगाने भरलाय, दम टिकतो आता. प्रथमेशला कप्तान केलंय. पहिली मॅच नाशिकला, जिंकलो. दुसरी सांगलीला. तिथे उतरायचं कुठे, जेवायचं कुठे, तेही सांगितलं. ती मधूनच दुरुस्ती करत होती. सांगलीला रात्रीच्या गाडीने जायचं, म्हणाली, सकाळी पोचते. तिचा आवाज बारीक होत चालला होता. मग मी तिला साताऱ्याला नेलं, डिसेंबरात, सकाळच्या गाडीने.

"साताऱ्याला गारठा असतो," ती डोळे मिटूनच म्हणाली. "शाल घेतलीत?"

"घेतली," मी म्हणालो, आणि आम्ही निघालो.